बरणीबाईंचे निवटे

संस्थेच्या संचालकांनी बरणीबाईंना फसवलं, आणि माझ्या माळ्याची किल्ली संचालकांच्या हातात मी दिली.

बरणीबाई हे नाव मीच ठेवलेलं. मानपाड्याला माझा काचेच्या बरण्यांचा गाळा. स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. घासाघिशीत मी कुणाला हार गेलो नाही, बाईंना मात्र गेलो. वर्तकनगरहून यायच्या, एकेक झाकण फिरवून बघायच्या. "हे ढिलं आहे. स्पिरिट उडेल, मासा सुकेल. दुसरं दे." मिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

कळव्याच्या खाडीतल्या निवट्यांवर त्यांचं संशोधन. चिखलात उड्या मारणारा हा बोटभर मासा. बाई त्याच्या पराचा कणभर तुकडा जनुकं तपासायला पाठवायच्या आणि बाकीचा मासा बरणीत जपायच्या.

"तपासून झालं ना? मग कालवण करा की," मी एकदा म्हणालो.

"आणि उद्या कुणी विचारलं, कशावरून हा निवटाच, तर काय तुझं पोट दाखवू?"

एकदा जनुकं तपासणाऱ्या यंत्राने भलत्याच माशाचं नाव दिलं. बाईंनी बरणी उघडून मासा भिंगाखाली धरला. तुकड्यांची अदलाबदल त्यांच्याच हातून झालेली. लगेच सगळ्यांना सांगून टाकलं, वर मला फोन. "अरे, आज मीच पकडली गेले!" आवाजात चोर पकडल्याचा आनंद.

संस्थेत जागा नव्हती, म्हणून बरण्या माझ्या माळ्यावर असायच्या. बाई आजारी पडल्या आणि संचालक आले. "तशी सगळी माहिती संगणकात आहे हो. पण नेतो, नीट ठेवतो." झाकणावरून तासभर भांडणारा माणूस मी, कुठे ठेवणार, एवढंही विचारलं नाही. मला माळा रिकामा हवा होता. मासे कचऱ्यात गेल्याचं माझ्याच टेम्पोवाल्याने सांगितलं.

रुग्णालयात बाईंनी विचारलं, "ऊन लागत नाही ना रे त्यांना?"

"नाही, बाई."

तेवढ्यावर त्या निश्चिंत झाल्या. पुढच्याच आठवड्यात गेल्या.

आता कुणी शंका काढली आहे, की बाईंनी नव्या जातीचा म्हणून नोंदवलेला निवटा मुळात जुन्याच जातीचा असावा. मासा असता तर काढून बघता आलं असतं. संचालक म्हणतात, "बाईंची गफलत झाली असेल."

साहेब, मेलेल्या बाईवर ढकलू नका. मासे तुम्ही फेकलेत, हे चारचौघांत सांगा. मी तिथे येईन, बाईंशी काय खोटं बोललो तेही सांगेन. पण आधी तुम्ही बोला. मासा कुठे आहे?