इनोकेचं स्टूल आणि सासूबाईंचा खेकडा

इनोके लिफ्टीत बसला की आणखी दोन माणसं कशीबशी मावायची. तिसरं आलं की कुणाचं तरी पोट आत घ्यायला लागायचं. पोट इनोकेचं, तेव्हा आत घ्यायचं इनोकेनं, असं लोकांचं म्हणणं. इनोके म्हणायचा, "मी आदी आलोय. पोट तुमी आत घ्या."

सुवा शहरात, बाजाराच्या मागच्या अंगाला आमची चार मजली इमारत. तळाला माझं शिवणकामाचं दुकान, आणि माझ्या भिंतीला लागूनच लिफ्टीचं दार. त्यामुळं इनोकेची सगळी बडबड मला फुकटात ऐकायला मिळायची. मूळचा तो कांदावू बेटावरचा. तरुणपणी यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या, मुळ्या विकायला बोटीनं सुव्याला आला. वरचा मजला कसा दिसतो ते बघावं म्हणून आमच्या लिफ्टीत शिरला, तो काही उतरलाच नाही. जुना लिफ्टवाला दम्यानं बेजार होता. त्यानं लिफ्ट चालवायचा दांडा ह्याच्या हातात दिला आणि गावाकडं निघून गेला. मग इनोकेनं बेटावरनं वेसीच्या टणक लाकडाचं एक स्टूल डोक्यावरनं आणलं आणि कोपऱ्यात मांडलं. बसून बसून त्या स्टुलाला त्याच्या बुडाची घळ पडली होती. दुसरं कुणी बसलं तर डुगडुगायचं.

आत शिरलेल्या माणसाला कुठं चाललास, कशाला चाललास, पिशवीत काय आहे, हे विचारल्याशिवाय त्याची लिफ्ट हलत नसे. दुसऱ्या मजल्यावर दाताचा डॉक्टर. गाल धरून कुणी आला की इनोके म्हणायचा, "काडायला चाल्लास? काड बाबा. पर परत येताना माज्याकडं बगून हसू नगंस. सदरा आजच धुतलाय."

तेव्हा लिफ्टीला जाळीचं दार होतं. इनोके ते पायानं ढकलायचा. गप्पांच्या नादात एकदा ते उघडंच राहिलं, लिफ्ट वर निघाली, आणि विम्याच्या एजंटाची छत्री मधे सापडून तिचं धनुष्य झालं. एजंट वाचला, पण छत्री हातात धरून तो मॅनेजरच्या टेबलासमोर जो उभा राहिला तो हलेना.

मॅनेजर शिउचरण. माणूस बारीक, आवाज जाड. त्यानं जाळी काढली आणि आपोआप मिटणारं नवं पत्र्याचं दार बसवलं, आपोआप लागणाऱ्या लॉकासकट, आणि दांड्याच्या जागी बटणं लावली. दार पुरतं मिटल्याबिगर लिफ्ट हलायची नाही, आणि लिफ्ट मजल्याला टेकल्याबिगर दार उघडायचं नाही.

"मानसाचं ध्यान चुकतं, लॉकचं चुकत न्हाई," शिउचरण सगळ्यांदेखत म्हणाला. "इनोके, म्हैनाअखेरपतुर बस. लोकांना बटनांची सवय लागली की तू मागल्या गोडाऊनात. यांगोनाची पोती उचल."

इनोकेचा चेहरा पडला. यांगोना प्यायला त्याची कधीच ना नव्हती. संध्याकाळी वाडगा पुढं आला की तो शेवटचा उठायचा. पण वाळल्या मुळ्यांची धूळ नाकात गेली की तो असा शिंकायचा की बाजारातल्या कोंबड्या पाटीखाली शिरत. आणि गोडाऊनात बोलायला कोण? पोती.

त्या दिवसापासून त्यानं लॉकाशी उभा दावा मांडला. "ही नवी सून," तो येईल त्याला सांगायचा. "दार लावून बसती आन् कुनाचं ऐकत न्हाई. एक दिस रुसून बसंल बगा. तवा माज्या नावानं बोंबलू नगा." हे बोलणं शिउचरणच्याही कानावर गेलं होतं, आणि तेच पुढं नडलं.

आता त्याच्या सासूबाईंचं सांगायला पाहिजे. तराईविनीबाई म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाची खोली चौथ्या मजल्यावर. इनोकेच्या लोकांत जावई आणि सासू एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडं बघत नाहीत. भांडण नसतं, मान असतो. मान एवढा की जावई पुढच्या दारानं आला की सासू मागच्या दारानं जाते. लिफ्टीला मागचं दार नाही. म्हणून बाई इतकी वर्षं चार जिने चढून जायच्या, आणि खाली इनोके त्यांची पावलं ऐकून अदबीनं भिंतीकडं तोंड करायचा.

मंडळाच्या वार्षिक जेवणाचा दिवस होता. असल्या दिवशी सगळ्या बायकांनी एकाच कापडाचे झगे घालायचे ही इथली रीत. निळ्यावर पिवळी जास्वंद. सगळा तागा मीच शिवला होता. तराईविनीबाईंनी बजावलं होतं, "मास्तर, पाय दिसता कामा न्हाई." त्यामुळं त्यांच्या झग्याला मी दुहेरी काठ मारला होता, आणि तो जमीन झाडत चालायचा.

बाई बाजारातनं आल्या त्या हातात पाटी घेऊन. पाटीत पाद्रीबाबांच्या पानासाठी एक दांडगा जिवंत खेकडा, वेलीनं आवळलेला. गुडघा सुजलेला. जिन्याकडं बघून त्यांनी सुस्कारा सोडला आणि लिफ्टीकडं वळल्या. लिफ्टीला आपोआप लॉक आलं, आता माणूस लागत नाही, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. लागत नाही म्हणजे गेला असणार, असा त्यांनी हिशोब केला. म्हैनाअखेरची भानगड त्यांना कोण सांगणार? सांगणारा जावईच.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या थुंकून "बाई, थांबा" म्हणेपर्यंत दार मिटायला लागलं होतं.

आत काय झालं ते निम्मं मी दाराला कान लावून ऐकलं आणि निम्मं इनोकेनं मागाहून सांगितलं. बाई खेकड्याकडं बघत आत शिरल्या. इनोकेला निळा झगा दिसला, वरचा चेहरा दिसला, आणि तो स्टुलावरच गर्रकन फिरून भिंतीला नाक लावून बसला. बाईंना ती पाठ दिसली. असली पाठ सुव्यात एकच. "इसा! आगं बया!" म्हणून त्या माघारी वळल्या, तोवर दार मिटत आलं होतं. आपणही गर्रकन फिरल्या त्या समोरच्या भिंतीकडं. झग्याचा घेर मागं राहिला आणि त्याचा काठ दाराच्या फटीत गेला. कापड पातळ, लॉक लागलं. हा प्रसंग लवकर उरकावा म्हणून इनोकेनं न बघताच चौथ्याचं बटण दाबलं.

लिफ्ट हातभर उचलली. कापड ताणलं गेलं, त्या ताणानं दार केसभर फाकलं, आणि नवी सून जाग्यावर थांबली. दार मिटलेलं नाही म्हणून वर जाईना, मजला टेकलेला नाही म्हणून दार उघडेना.

दोघांची तोंडं दोन भिंतींना. मग इनोकेनं तिरक्या डोळ्यानं नुसती दाराची फट बघितली आणि तो खाकरला.

"खेकड्या," तो भिंतीला म्हणाला, "ज्यांच्या पाटीत तू बसलाईस, त्यास्नी म्हनावं, झग्याचा काठ दारात घावलाय."

पाटीत खसखस झाली. मग बाईंचा आवाज आला. "खेकड्या, त्या स्टूलवाल्याला म्हनावं, मला कळतंय. तेच वडतीया."

"खेकड्या, म्हनावं, दमानं."

"खेकड्या, म्हनावं, मला शिकवू नगं."

तेवढ्यात बाहेर शिउचरण आला. अडकलेली लिफ्ट बघितली, फटीतनं लोंबणारं निळं कापड बघितलं, आणि त्याचा आवाज फुटला. "चिंदी! चिंदी कोंबलीया ह्यानं! रुसंल, रुसंल म्हनत हुता, आता मुद्दाम रुसवली!" आणि त्यानं दोन्ही हातांनी कापड धरून ओढलं.

मी ओळखलं. दुहेरी काठ माझ्याच हातचा. पण बोलू काय? सासू-जावई एका डब्यात कोंडलेत हे मी उच्चारलं असतं तर बाईंना सुवा सोडायला लागलं असतं आणि मला दुकान. मी नुसतंच म्हणालो, "सायेब, वडू नका. नवं कापड हाय."

"चिंदीला नवं काय आन् जुनं काय!"

तो बाहेरून ओढतोय, बाई आतून. बाईंच्या मनगटात अळूच्या वाफ्यांचं बळ. त्यांनी हिसडा मारला की शिउचरण दारावर धाडकन आपटायचा.

"खेकड्या," आतून आलं, "भायेर कुठलं गाढाव वडतंय?"

"खेकड्या, म्हनावं, म्यानेजरसायेब हायती."

"मग माजी पाटी नीट धर म्हनावं. दोनी हात लावून वडते."

इनोकेनं न बघता हात मागं करून पाटी घेतली आणि पायाशी ठेवली. ठेवताना ती कलंडली. वेल आधीच सैल झाली होती.

गलका ऐकून वरच्या बायका जिन्यानं खाली आल्या. सगळ्या निळ्या, सगळ्यांवर पिवळी जास्वंद. दारात तेच कापड बघून सगळ्यांनी आधी आपापले झगे चाचपले, मग एकमेकींकडं संशयानं बघितलं. पुढं होती केलेरा, इनोकेची बायको. तिनं दारावर थाप मारली.

"आवं! आत कोन हाय तुमच्यासंगं?"

इनोके अडकला. सासूबाई समोर असताना सासूचं नाव कसं घेणार? खोटं बोलायची तर त्याला सवय नव्हती.

"खेकडा हाय!" तो ओरडला.

"खेकडा? खेकडा झगा कवापास्नं घालाय लागला?"

बायका फिसकन हसल्या. केलेरा हसली नाही. "भायेर या तुमी," ती म्हणाली. "मग दोगांचंबी कवच सोलते."

लेकीचं हे बोलणं ऐकून आईनं काठाला आणखी एक हिसडा दिला. आणि नेमका त्याच वेळी खेकडा वेलीतनं सुटला, पाटीतनं उतरला, आणि समोर दिसला तो इनोकेच्या पायाचा अंगठा त्यानं नांगीत घेतला.

इनोके जो केकाटला तो थेट बंदरावर ऐकू गेला म्हणतात. एका पायावर उडी मारून तो अख्खाच्या अख्खा दारावर कोसळला. एवढं वजन अंगावर आल्यावर दार करणार काय? कच्चकन मिटलं. लॉक बसलं. लिफ्ट निघाली, कापड टर्रकन फाटलं, आणि शिउचरण हातात निळी पट्टी घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला.

मग आम्ही सगळे जिन्यानं वर धावलो.

चौथ्या मजल्यावर दार अलगद उघडलं. एका भिंतीला इनोके, पाय वर धरून, अंगठ्याला खेकडा लोंबतोय. दुसऱ्या भिंतीला तराईविनीबाई, आमच्याकडं पाठ, झग्याचा मागचा काठ गायब. केलेरा "आये!" म्हणाली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

शिउचरणला धाप लागली होती आणि रीतभात सुचत नव्हती. पट्टी नाचवत तो म्हणाला, "ह्यो बगा पुरावा! दारात चिंदी कोंबून लिफ्ट बंद पाडली. म्हैनाअखेर न्हाई न् काय न्हाई. आत्ताच्या आत्ता गोडाऊन! हाय का काय बोलायचं?"

इनोकेकडं बोलायचं सगळं होतं. पण बोलायचं म्हणजे सासूबाईंचं नाव घ्यायचं, त्यांच्या झग्याचं सांगायचं, त्यांच्यासमोर, पंगतीभर बायकांच्या देखत. त्यानं छताकडं बघितलं. वाकून त्यानं स्टूल उचललं, डोक्यावर घेतलं, आणि खेकड्यासकट लंगडत निघाला.

"खेकड्या," तराईविनीबाई भिंतीला म्हणाल्या.

इनोके थांबला. खेकडा त्याच्याकडंच होता, थांबायलाच लागलं.

"खेकड्या, त्या म्यानेजरला म्हनावं, हातात हाय ती चिंदी न्हवं. माज्या झग्याचा काठ हाय, आन् त्यो त्यानं फाडलाय."

शिउचरणनं पट्टी पाठीमागं लपवली.

"म्हनावं, लॉक बेस हाय. कापड अडकल्याव जाग्यावर थांबलं. न्हाईतर मी हितं झग्याबिगर आली असती." कुणीतरी खुदकलं; बाईंनी ते संपू दिलं. "पर लॉकाला दार मिटलंय का तेवडंच कळतं. झगा आत आला का भायेर ऱ्हायला, ते बगायला मानूस लागतो. ह्या मानसानं आज बगितलं न्हाई, म्हनून अडकलं. आन् माज्याकडं बगितलं न्हाई, म्हनूनच त्यो चांगला जावई हाय. त्याला हलवायचं नाव काडलं, तर माजं मंडळ दुसरी इमारत बगंल. सांग म्हनावं."

शिउचरण गोंधळला. उत्तर द्यायचं कुणाला? बाई भिंतीकडं, इनोके छताकडं. शेवटी तो गुडघ्यावर बसला आणि खेकड्याला म्हणाला, "कळलं म्हनावं."

झगा फाडला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला इथल्या रीतीप्रमाणं यांगोनाची मोळी घेऊन माफी मागायला जावं लागलं. मोळी त्याच गोडाऊनातनं काढली आणि वाटभर तोच शिंकत गेला. इनोकेचं स्टूल कोपऱ्यात परत गेलं. अट एकच: दार मिटायच्या आधी मोठ्यानं "झगे आवरा" म्हणायचं. हे तो बाप्यांनाही सांगतो.

खेकडा त्याच दिवशी नारळाच्या रसात शिजला. पाद्रीबाबांच्या पानात एकच नांगी पडली. दुसरी, अंगठा धरलेली, पानात गुंडाळून इनोकेकडं आली, निरोपाबिगर. खेकड्याच्या पाठीचं कवच केलेरानं धुऊन दिलं, ते इनोकेनं बटणांच्या वर खिळ्याला टांगलं. आता तराईविनीबाई लिफ्टीनंच जातात. आत शिरून कवचाला म्हणतात, "चौथा." इनोके भिंतीकडं तोंड करून कवचाला म्हणतो, "म्हनावं, काठ आवरा."

बाकीच्यांनाही ते सोयीचं वाटलं. परवा गर्दीच्या वेळी शिउचरण घुसला आणि कवचाकडं बघून म्हणाला, "ह्याला म्हनावं, पोट आत घे."

"म्हनावं," इनोके कवचाला म्हणाला, "मी आदी आलोय."