रिपोर्ट नेमका कुणाचा

कात्रीबाईच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलेली बाई केसांबरोबर पोटातलंही सगळं सोडून जायची. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा जावई घरी बसून आहे, कात्रीबाईला सगळं ठाऊक. म्हणूनच स्वतःची गोष्ट तिनं दातांखाली दाबून ठेवली होती. पहिल्या सोनोग्राफीत दोन जीव दिसले होते, पुढच्या वेळी एकच. दुसरा वाढायचा थांबला आणि आतल्या आत विरून गेला.

"कुठं बोलायचं नाही," तिनं नवऱ्याला बजावलं. "उद्या माझ्याच खुर्चीत बसून माझीच कीव करतील."

पुढं दवाखाना बदलला. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काही विशेष?" हिनं ठोकून दिलं, "छे!"

मग बाळाच्या तपासणीसाठी हिच्या दंडातलं रक्त गेलं. लॅबमधून फोन आला: बाळात एक गुणसूत्र जास्त असण्याची दाट शक्यता. फोनवरच्या माणसानं शक्यता सांगितली, हिनं निकाल ऐकला. दोन्हींत केवढा फरक आहे हे नीट सांगितलं असतं तर त्याची काय जीभ झिजली असती?

पार्लर बंद करून ही रडत बसली. नणंद आली, भांडणात कुणाला हार न जाणारी.

"रडून झालं असेल तर चप्पल घाल, वहिनी. डॉक्टरांकडे चल."

तिथंही तीच बोलली. "जुळं होतं हिला. एक विरघळलं. डोळे काय वटारतेस? दादानं सांगितलंय मला."

"अहो, हे आधी सांगायचं ना!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. वारेचे बारीक अंश आईच्या रक्तात उतरतात, चाचणी तेच वाचते. गेलेल्या जिवाची वारही काही आठवडे अंश सोडत राहते. "जास्तीचं गुणसूत्र त्याचंही असू शकेल. चाचणीला ते वेगळं ओळखता येत नाही. गर्भजल तपासू, म्हणजे या बाळाचं कळेल."

"आणि यालाही असलं तर?" कात्रीबाईनं विचारलं.

"तर तेही कळेल. मग बसून बोलू."

गर्भजलाचा निकाल आला. बाळाची गुणसूत्रं व्यवस्थित होती. कात्रीबाई खदखदून हसली, आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली.

"आता कशाला गं?"

"त्या दुसऱ्यासाठी. त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं."

"मग रड पोटभर," नणंद उठली. "मी चहा टाकते."