ओझर ते बेळगाव, एक तास

नाशिकहून बेळगावला विमान सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या थोरल्या बहिणीला झाला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त पंचाईत माझी झाली. ती बेळगावला दिलेली. रस्त्याने साडेपाचशे किलोमीटर. दिवाळीला तिला आणायचा विषय निघाला की मी हा आकडा समोरच्याच्या तोंडावर फेकायचो. त्यातून आमची दिंडोरीची द्राक्षबाग. नुकती छाटणी झालेली असते, एक फवारणी चुकली की वर्ष गेलं. लोकांना पटायचं. मलाही पटायचं.

तिच्या सासरी एक रीत अजून पाळतात. सून दिवाळीला माहेरी निघते ती मुराळ्याबरोबर, म्हणजे माहेरचं माणूस न्यायला आलं तरच. तिच्या धाकट्या जावेचा भाऊ दरवर्षी येतो, सोप्यात बसून चहा पितो, बहिणीची पिशवी उचलतो. वडील गेल्यापासून आमच्याकडून कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे दिवाळीला तीही आली नव्हती.

गेल्या दिवाळीआधी तिचा फोन आला. "आता तासाभराचं विमान आहे. ये की न्यायला."

"तासाभराचं आहे म्हणूनच म्हणतो, मी कशाला? बसलीस की उतरलीस."

वर शहाणपणा करून तिचं एकटीचं तिकीट मोबाईलवर पाठवलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. वाद घातला असता तर मीही भांडलो असतो, भांडायला मला कारण लागत नाही. बरं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं?

पाडव्याला मी ओझरच्या विमानतळावर गेलो. ती बाहेर आली, नवी साडी, पिशवी छातीशी धरलेली. "केवढं जवळ आहे रे," एवढंच म्हणाली. मला वाटलं, खूश आहे.

गाडी दिंडोरीच्या रस्त्याला लागली आणि माझा फोन वाजला. तिच्या सासूबाई. मी स्पीकर लावला.

"पोचलासा काय मामा? हिचा फोन लागंना. आणि हे काय ओ, इतक्या लांब न्यायला आलासा आणि घरी आला नाहीसा? आल्या विमानानंच परत जायचं, बाहेर सोडत नाहीत म्हणाली ही."

मी बहिणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. पन्नाशी उलटलेली बाई, रिक्षा करून एकटी विमानतळावर गेली होती आणि सासरी माझी अब्रू झाकून आली होती.

"हो मावशी," मी म्हणालो. "बाहेर येताच आलं नाही."

"म्हणून तर करंज्या दिल्या तुमच्यासाठी. खाल्ल्यासा काय विमानात?"

"खाल्ल्या. छान झाल्यात."

"इतक्या वर्षांनी न्यायला आलासा. बरं वाटलं बघा."

फोन बंद झाला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी गाडी कडेला घेतली.

तिने पिशवीतून डबा काढला. फडक्याची गाठ अजून तशीच होती. ती तिने सोडली आणि एक करंजी माझ्यापुढे धरली.

"खा," ती म्हणाली. "परत गेल्यावर मला विचारतील, तेव्हा एवढं तरी खरं सांगता येईल."