चोरटाळी

ठोशाने मला गळा दाबून मारलं आहे, जिन्यावरून ढकललं आहे, केस धरून फरफटत नेलं आहे, आणि एका नाटकात तर प्रत्येक प्रयोगाला दुसऱ्या अंकाच्या शेवटी कुऱ्हाडीने तोडलं आहे. माझ्या अंगावर त्याच्या हातचा एक वळ नाही.

आमच्या नाटक कंपनीत मारामाऱ्या बसवणारा माणूस तो. कागदोपत्री नाव काही वेगळंच होतं, पण ठोसे शिकवतो म्हणून ठोशा, आणि नव्या पोरांसाठी ठोशामास्तर. बुटका, जाड मानेचा, हाताचे पंजे फावड्याएवढे. आवाज मात्र आजाऱ्याशी बोलावं तसा हळू. तालमीला आला की रंगवलेल्या पडद्याच्या मागच्या बाजूला खडूने काडीची माणसं काढायचा. खलनायकाची तंगडी इकडे, नायकाचं थोबाड तिकडे, मध्ये बाण. पुढून राजवाडा, मागून नुसती कत्तल.

त्याचा नियम एकच होता. मारणाऱ्याचा हात गालाच्या एक बोट अलीकडे थांबला पाहिजे, आणि आवाज मार खाणाऱ्याने काढला पाहिजे. तोंड फिरवता फिरवता, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर अशी टाळी द्यायची, की शेवटच्या रांगेतल्या माणसाने स्वतःचा गाल चोळावा. तिला आम्ही चोरटाळी म्हणायचो.

"मारणारा नुसती हवा हलवतो गं," तो मला सांगायचा. "खरं काम मार खाणाऱ्याचं. म्हणून चांगलं माणूस तिथे ठेवावं."

माझ्या वाट्याला जन्मभर मारच आला, यापेक्षा मोठी दाद मला कुणी दिली नाही.

कंपनी बंद पडली. मी घरी बसले, तो टायरच्या कारखान्यात लागला, तिथून निवृत्त झाला. निवृत्तीनंतर माणसं फुलझाडं लावतात. ठोशाने पुन्हा माणसं मारायला घेतली. लेकीने त्याला एक टॅबलेट आणि त्यावर चित्र काढायची पेन्सिल आणून दिली, आणि पडद्यामागची ती काडीची माणसं अंग धरून इंटरनेटवर आली. कॉमिकचं नाव 'धोपटबाई'. लॉन्ड्रीत काम करणारी एक दांडगी बाई, गावातल्या गुंडांना कपड्यांसारखं आपटते, पिळते आणि दोरीवर वाळत घालते. दर शनिवारी एक भाग. जबडे निखळतात, दात उडतात, एका गुंडाचा हात इस्त्रीखाली जातो तेव्हा वाफ चौकटीबाहेर येते. रक्ताचा रंग लेक भरायची. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं तिचं काम, त्यामुळे हात फार बारीक.

शनिवारी संध्याकाळी सगळं घर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमायचं. ठोशा, वहिनी, लेक, जावई, चार वर्षांची नात आणि शेजारधर्म म्हणून मी. नवा भाग मोठ्याने वाचायचं काम जावयाचं. वॉशिंग मशीन विकायचा तो, बोलणं गोड, आणि नकला अशा करायचा की आमच्या कंपनीत असता तर दोन नटांच्या पोटावर पाय आला असता. मला तो आवडायचा, खोटं कशाला सांगू. धोपटबाईने गुंडाचं डोकं मशीनमध्ये कोंबलं तो भाग त्याच्याच सल्ल्याने झाला.

"बाबा, वरून उघडणारं मशीन नको. समोरून काचेचं घ्या. फिरताना तोंड दिसेल."

आम्ही हसून हसून खोकलो.

वाचकांची एकच तक्रार असायची. ठोसा बसला की 'धाड' किंवा 'फाट' ही अक्षरं मुठीपाशी असायला हवीत. ठोशा ती मार खाणाऱ्याच्या अंगापाशी काढायचा. "मास्तर, मारतंय कोण नि वाजतंय कोण?" असं खाली कुणीतरी लिहायचं. ठोशा ऐकायचा नाही. "ज्याला बसतं त्याचाच आवाज," म्हणायचा.

दर हिवाळ्यात एक दिवस आम्ही तलावावर जायचो. त्या वर्षीही जावयाच्या गाडीत दाटीवाटीने बसून निघालो. धुकं पाण्यावर इतकं खाली बसलं होतं की पलीकडचा काठ कुणी पुसून टाकल्यासारखा. आम्ही गवतावर सतरंजी टाकली, माझ्यासाठी घडीची खुर्ची उघडली. आजूबाजूला इतरही कुटुंबं होती. कुणी बॅडमिंटन खेळत होतं, कुणी उन्हाची वाट बघत गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. वहिनी थर्मासातून चहा ओतत होत्या, लेक कानावरून मफलर गुंडाळून संत्री सोलत होती. नात पाण्याकडे खडे फेकत होती आणि एकही पाण्यापर्यंत पोचत नव्हता.

ठोशाने टॅबलेट काढला. पुढच्या भागातली एक चौकट अडली होती. एक गिऱ्हाईक लॉन्ड्रीत आपल्या बायकोच्या कानाखाली वाजवतं आणि धोपटबाई ते बघते, अशी. पुढे तिने त्या माणसाचं काय करायचं ते त्याने काढून ठेवलं होतं. मी पाहिलं. त्याच्यात हाडं मोजता येत होती.

"थपडेला अक्षर सापडत नाही," तो म्हणाला. "'फाट' वापरून वापरून झिजलं. सांगा काहीतरी."

"सण्ण," मी म्हटलं.

"ते बाणाचं झालं गं. तू अजून पौराणिकातच अडकलीस."

"चट्," वहिनी म्हणाल्या.

"डास मारलास का?"

"खाड्," जावई म्हणाला, आणि आपल्याच तळहातावर देऊन दाखवलं. "ऐकलंत? खाड्. शेवटी ड पाय मोडका."

"हे बरं आहे," ठोशा म्हणाला आणि पेन्सिल उचलली.

"बाबा, तिथे काही लिहू नका," लेक म्हणाली. संत्र्याची शीर काढताना तिने मान वर केली नव्हती. "ज्याला बसते त्याला आवाज येत नाही. आधी कान बंद होतो. मग आत शिट्टी वाजत राहते, शेजारच्या घरातला कुकर असावा तशी. दुसऱ्या दिवशीपर्यंत. चौकट रिकामी ठेवा."

ती चित्राबद्दलच बोलत होती. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं, आणि सोललेली फोड तिच्या हातातच राहिली.

ठोशाने पेन्सिल खाली ठेवली. आजाऱ्याशी बोलतात त्याच आवाजात त्याने विचारलं, "कुठला कान?"

लेकीने कानावरचा मफलर आणखी घट्ट केला.

"कुठला, बाळा?"

"डावा."

समोरच्याचा उजवा हात डाव्या कानावर बसतो. हे मला सांगायला नको, ठोशाला तर नकोच.

जावई हसला. "काय हे बाबा. तुमचं कॉमिक रंगवून रंगवून हिच्या डोक्यात गेलंय. त्या दिवशी दार लागलं होतं तिला. सांग ना गं." तिने सांगितलं नाही, तसा त्याचा आवाज उतरला. "ऊठ. गाडीत जाऊन बोलू."

ठोशा उठला. सत्तरीचा माणूस, गुडघ्यावर हात टेकून उठला. जावयाच्या समोर उभा राहिला आणि त्याने उजवा हात फिरवला. कमरेतून, खांद्यातून, असा की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते फावडं जावयाच्या गालापासून एक बोटावर थांबलेलं होतं. ठोशा स्वतःच्या हाताकडे बघत होता. अख्खं आयुष्य ज्याला थांबायला शिकवलं, तो हात आयत्या वेळी मालकाचं ऐकेना.

जावयाचा हात थांबला नाही. त्याने ठोशाच्या तोंडावर ठेवून दिली.

आणि ठोशा पडला. काय सांगू कसा पडला. मान गेली, खांदा गेला, एका टाचेवर पूर्ण फेरा घेऊन तो गवतावर गेला, आणि जाता जाता डाव्या हाताने मांडीवर अशी चोरटाळी बसली की बॅडमिंटन खेळणारे थांबले. हे त्याने केलं नाही. शरीराने केलं.

शेजारच्या सतरंजीवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "वा काका, या वयात!"

जावयाचा चेहरा उजळला. वाट सापडली त्याला. आधी वळून लोकांना लवून नमस्कार केला. "सासरेबुवा नाटकवाले आहेत आमचे," तो म्हणाला. लोक हसले. हसण्याच्या आडून त्याने लेकीचं मनगट धरलं आणि तिला सतरंजीवरून ओढलं. चहाचा कप उपडा झाला. ती उठेना, पाय रोवून बसली. त्याने दुसरा हात उचलला. सवयीने उचलला. तो हात कुठे जाणार हे तिच्या मानेला आधीच ठाऊक होतं.

मध्ये ठोशा आला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकात एक अडकवले होते.

"आता मार," तो म्हणाला. "या वेळी मी मदत करणार नाही."

"बाबा, बाजूला व्हा. लोक बघतायत."

"म्हणूनच सांगतोय. घरी कुणी बघत नाही, तेव्हा तुला जमतंच. इथे दाखव."

"बाजूला व्हा म्हणतो."

"नुसती नक्कलच करतोस होय रे?"

जावयाने मारलं. ठोशाने मान वळवली नाही, पाय हलवला नाही, टाळी दिली नाही. आवाज झाला तो ओल्या कणकेवर बुक्की मारल्यासारखा, अगदी लहान. ओठ दातावर फाटला आणि रक्त हनुवटीवरून स्वेटरमध्ये गेलं. पलीकडे हसणारा माणूस हसता हसता थांबला.

"अजून," ठोशा म्हणाला.

दुसरा ठोसा डोळ्याखाली बसला, तिसऱ्याला दात पडला. मग मात्र जावयाला थांबता येईना. मी रंगमंचावर शंभर खलनायक पाहिले, त्यातल्या कुणाचं तोंड असं झालेलं पाहिलं नव्हतं. तो रडत होता आणि मारत होता. ठोशा गुडघ्यावर आला तेव्हा त्याने बुटाने बरगडीत लाथ घातली, एक, आणि आणखी एक. बरगडी मोडल्याचं मला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. वहिनींनी थर्मास उचलला आणि त्याच्या पाठीत हाणला. आतली काच फुटली आणि चहा त्याच्या मानेवर गेला, तरी त्याला कळलं नाही. मग बॅडमिंटनवाली आणि शेजारच्या सतरंजीवरची माणसं धावली. तिघांनी मिळून त्याला पालथा पाडला. एकाने त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, दुसऱ्याने, मघाशी "वा काका" म्हणणाऱ्याने, त्याच्या तोंडावर चप्पल मारली. त्याला ओरडून थांबवलं कुणी म्हणाल, तर ठोशानेच. तोंडात रक्त घेऊन तो गवतावरून म्हणाला, "नको. धरून ठेवा फक्त."

लेक तोवर उभी राहिली होती. नात किंचाळत होती, तिला तिने कडेवर घेतलं. नवऱ्याने सतरंजीवर काढून ठेवलेल्या जाकिटातून गाडीची किल्ली काढली. लग्नाआधी ती गाडी चालवायची. लग्नानंतर 'तुला अंदाज येत नाही' म्हणून तिला कुणी पुढे बसू दिलं नव्हतं. आम्ही ठोशाला मागे आडवा घातला, डोकं माझ्या मांडीवर. पालथा पडलेला नवरा तिच्या नावाने हाका मारत होता. तिने गाडी मागे घेतली, एका झाडाला घासली, वळवली आणि रस्त्याला लावली.

"क्लच सावकाश सोड," ठोशा खालून म्हणाला.

"बाबा, तुम्ही गप्प पडा."

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. ओठ शिवता शिवता तिने विचारलं, "कसं लागलं आजोबांना?"

"पाय घसरला," वहिनी म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. घराची लाज झाकायला बाईमाणसाला विचार करावा लागत नाही. ठोशाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही ठाऊक होतं की हे बोलायचं आपलं नाही. तो तोंडात सुई असताना तसाच पडून राहिला, लेकीकडे मान करून.

लेकीने नातीला माझ्या मांडीवर दिलं.

"पाय घसरला नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने मारलं. आज बाबांना. एरवी मला."

डॉक्टरणीने टाका पुरा करून वर पाहिलं. "तुम्हाला कुठे?"

तिने मफलर सोडला आणि केस मागे केले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी वर्णन करत नाही. रंग मेकअपच्या पेटीतला नव्हता एवढं सांगते.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. तिने तो घेतला, उजव्या कानाला लावला. खोली लहान होती, पलीकडचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. तोच गोड आवाज, रडून बसलेला. माणसांनी सोडलं होतं त्याला. तो म्हणत होता, चुकलो, बाबांचे पाय धरतो, तू घरी ये, आपण दोघंच बोलू.

तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही.

"नाही येत," ती म्हणाली. फोन बंद केला, आणि डॉक्टरणीच्या दिव्यासमोर डावा कान करून स्टुलावर बसली.