सेन्सरच्या नाकाला कुंकू

मी थापा मारतो, हे सेलूपासून परभणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. येलदरीच्या धरणात मी धरलेला मासा दरवर्षी हातभर वाढतो. पण ही हकिकत फुगवायला मला जागाच सापडली नाही.

आमच्या अण्णांची पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली, तिची नोंदणी नव्याने करायची वेळ आली. त्याआधी धुराची तपासणी पास व्हायला हवी. आणि गाडी असा धूर सोडायची, की मागचा ट्रॅक्टरवाला भरदुपारी दिवे लावायचा! दोनदा नापास झाली. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त गुरुजी. आमच्या गल्लीतली पहिली गाडी त्यांची. म्हणाले, "तिसऱ्यांदा नापास झाली तर भंगारात देऊन टाकू." बोलले सहज, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

मिस्त्रीनं मोबाइलला जोडायचं यंत्र लावून पाहिलं. "गुरुजी, गाडीचं नाक गेलंय."

"गाडीला नाक कुठं असतंय?" मी.

"सायलेन्सरच्या नळीत. ऑक्सिजन सेन्सर म्हन्तेत त्याला. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगायचं अन् इंजिनला सांगायचं, पेट्रोल कमी कर, जास्त कर. हे बंद पडलं अन् इंजिन लागलं पेट्रोल ढोसायला."

नवा सेन्सर मागवला. अंगठ्याएवढा जीव, शेपटीला चार वायरी. तपासणीच्या दिवशी सकाळी मिस्त्री घरी येणार होता. आता आमच्या घरात साधा गॅसचा रेग्युलेटरसुद्धा हळदीकुंकवाशिवाय कामाला लागत नाही. आईनं सेन्सर पाटावर ठेवला, त्याचं टोपण काढलं आणि बरोब्बर टोकावर हळदीकुंकू वाहिलं. ताट मीच धरलं होतं.

मिस्त्री आला, बघितलं आणि मटकन पायरीवर बसला. "काकू, हे काय केलं?"

"नवं हाय. नवरीला बिनकुंकवाचं धाडत्यात का?"

"अवो, कपाळाला लावा की! हे नाक हाय. नाकात कुंकू कोंबल्यावर वास काय येणार? ओलं लावलं का कोरडं?"

"कोरडंच. तेल संपलंय."

"वाचलो!" मिस्त्रीनं श्वास सोडला. "तेल लागलं असतं तर कामातून गेला असता."

कोरड्या मऊ ब्रशनं, तान्ह्याच्या पापणीवरचं काजळ पुसावं तसं, त्यानं टोकाच्या जाळीवरचं कुंकू झटकलं. मग इंजिन थोडं गरम करून जुना सेन्सर सोडवायला घेतला. गंजून नळीशी एकजीव झालेला. पाना लावून आम्ही दोघं लोंबकळलो, तेव्हा त्या सेन्सरनं जी किंकाळी फोडली ती जिंतूरच्या बैलांनी ऐकली. नवा बसवला, वायर जोडली, गाडी चालू केली.

मोबाइलवर एक सरळ रेघ. मेल्यासारखी.

"कुंकवानं गेला का?" अण्णांनी विचारलं. आई पदर तोंडाला लावून उभी.

"तापू द्या, गुरुजी. गार नाकाला वास येत न्हाई."

आम्ही चौघं त्या रेघेकडे बघत राहिलो. आणि रेघ हलली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर. तान्ह्या लेकराची टाळू लकलकते ना, तशी.

"प्रत्येक बारीला नाकानं सांगितलं अन् इंजिननं ऐकलं," मिस्त्री हळूच म्हणाला. तो रोज बघतो, तरी त्याचाही आवाज खाली आला होता. माझ्या हातात जुना, कोळशासारखा काळा सेन्सर होता. पंधरा वर्षं आगीत तोंड घालून तो आमच्यासाठी धूर हुंगत होता, आणि आम्हाला तो आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या तोंडात एक थाप येईना.

तपासणीच्या दुकानात अण्णा परीक्षेच्या पोरासारखे भिंतीला टेकले. तपासणारा चांगला मिशाळ माणूस होता, त्यानं सायलेन्सरच्या नळीत यंत्राची सळई घातली, आकडे बघितले आणि म्हणाला, "पास."

"परत एकदा लावा बरं," अण्णा म्हणाले.

"गुरुजी, पास झाली म्हन्लं ना! उगं कशाला?"

"लावा हो. मला बघायचंय."

त्यानं पुन्हा लावली. पुन्हा पास. तरी अण्णांचं समाधान होईना. धोतराचा सोगा सावरून ते चालू गाडीच्या मागं वाकले आणि सायलेन्सरपाशी नाक नेऊन, डोळे मिटून, कितीतरी वेळ हुंगत राहिले.