नवसाचे रोडगे

त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला आणि वडिलांची जीभ सैल सुटली. मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकत होतो; मुंबईला जाऊन द्यायची तिथल्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा जवळ आली होती. अकोटच्या बाजारात कापूस विकून आल्या आल्या वडिलांनी गावच्या मारोतीपुढे सगळ्यांदेखत नवस केला: पोरगं पास झालं, की गावाला रोडगे.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरणावर तूप. एवढ्यासाठी आमच्याकडे माणूस दुसऱ्या गावाहून चालत येतो. मी सुट्टीत घरी आलो तर जो तो विचारी, "काहो साहेब, रोडगे कवा?" थट्टाच ती, पण मला हसू येईना. मी नापास झालो तर अख्खं गाव उपाशी राहील, असं मला खरंच वाटू लागलं. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. जेवण जाईना. वडिलांचा रागही येई. कापूस त्यांचा, हौस त्यांची, आणि फास माझ्या गळ्याला!

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणालो, "माय, मी नाही जात परीक्षेले." मग सगळंच ओकून टाकलं. ती उठून ओसरीवर वडिलांकडे गेली. त्यांचा आवाज चढला, तिचाही चढला. 

सकाळी मारोतीच्या पारापाशी धूर दिसला. वडील स्वतः गोवऱ्या रचत होते, आई कणीक मळत होती. पुजारी कुरकुरला, "पोरगं पास तं होऊ द्या! असा आधीच नवस फेडते काय कोनी?"

"नवसाचं मारोती अन् मी पाहून घेऊ," आई म्हणाली. "माहा पोरगा घरी आला, म्हून जेवन हाये."

पंगत बसली. वडील तूप वाढत माझ्यापाशी आले, तेव्हा मी हळूच विचारलं, "अन् नापास झालो तं?"

त्यांनी धार थांबवली नाही.

"तं घरी ये. तवा बी रोडगे करू."

मला त्यांच्याकडे वर बघवेना. परीक्षेची धास्ती होती तेवढीच होती. तरी संध्याकाळी मुंबईची आगगाडी धरायला मी कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याच्या वाटेला लागलो.