आत्याबाईंचं न भुंकणारं पिल्लू

श्रावणात मोत्या गेला आणि आमच्या आत्याबाईंचं आखाड्यावरचं राहणं अडचणीत आलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. वय अडुसष्ट. आखाडा म्हणजे शेतातलं घर. दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला गोठा. परभणीहून जिंतूर रस्त्यानं निघालं की डावीकडं दोन किलोमीटर आत. आम्ही परभणीत राहतो, हे तिथं कॉलेजात नोकरीला आहेत. मामंजी वारल्यावर किती वेळा म्हटलं, चला आमच्याकडं. त्या यायच्या, दोन दिवस राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच पिशवी भरून बसायच्या. गाय काय करत असेल, तुळशीला पाणी कुणी घातलं असेल, अशी कारणं सांगायच्या. खरं तर सकाळी दार उघडलं की त्यांना पीक दिसावं लागतं, एवढंच.

मोत्या होता तोवर हे गप्प होते. म्हातारं कुत्रं, पण आवाज असा की बांधावरून जाणारा माणूस आपणहून नाव सांगायचा. तो गेला आणि ह्यांची झोप उडाली.

"माय, आता एकटी राहायचं न्हाई," ह्यांनी सरळ सांगितलं.

"एकटी कशानं? दुसरं कुत्रं आण," आत्याबाई म्हणाल्या.

दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत नवं पिल्लू राखणीला तयार झालं तर आत्याबाई आखाड्यावर राहतील. नाही झालं तर गाय बजरंगकडं आणि आत्याबाई परभणीला. बजरंग हा शेजारचा आखाडेकरी. त्याच्या आणि आमच्या मधे आमचंच तीन एकर सोयाबीन.

पिंगळीला बन्सीधर म्हणून ह्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाल्याचं कळलं. पोळा झाल्यावर आम्ही निघालो, तर आत्याबाईंनी गुळाचा शिरा करून डबा भरला.

"बन्सीधरला शिरा कशाला?" हे म्हणाले.

"बन्सीधरला कोण देतंय. कुत्रीला हाय. बाळंतिणीचं लेकरू उचलून आणायचं, ते काय रिकाम्या हातानं?"

कुत्रीनं डबा चाटूनपुसून साफ केला. तोवर ह्यांनी पाचही पिल्लांची नखं मोजली. कुत्र्याला नखं अठरा असतात, पण वीस नखांचं कुत्रं राखणीला जबर, असं आमच्याकडं मानतात. एका तांबड्या पिल्लाची वीस भरली. आत्याबाईंनी त्याला पदरात घेतलं, कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काळजी करू नको बाई. नीट सांभाळते."

आखाड्यावर पोचल्यावर त्यांनी मला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणायला लावला. तुकडा पिल्लावरून ओवाळून टाकला, त्याच्या चारी पायांवर पाणी घातलं आणि मगच उंबरा ओलांडला. ह्यांनी नाव ठेवलं टायगर. आत्याबाईंनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि "बाळ्या, इकडं ये," अशी हाक मारली. तेच नाव राहिलं.

बाळ्या भराभर वाढला. सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी खायचा, संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी आत्याबाईंच्या मांडीला टेकून बसायचा. एकादशीला त्यालाही भगर.

"त्याला कशाला उपास, आत्याबाई?" मी विचारलं.

"उपास कशाचा? त्याच्या एकट्यासाठी भाकरी थापत बसू का?"

सगळं चांगलं, पण भुंकायचं नाव नाही. दूधवाला आला की शेपूट हलवायचा. वायरमन आला की शेपूट हलवायचा. कुणी बाबाजी भिक्षेला आले, तर ह्यानं त्यांच्या झोळीत डोकं घातलं.

दसऱ्याला आम्ही गेलो तेव्हा ह्यांनी बजरंगला गळ घातली, जरा शिकव. बजरंगनं भर दुपारी डोक्यावरून घोंगडं घेतलं, हातात काठी घेतली आणि गुरगुरत बांधावरून आला. बाळ्या पळत गेला आणि त्याच्यापुढं उताणा पडून पोट दाखवायला लागला. आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काढ ते घोंगडं आन् चहाला ये. लेकराला भेव दाखवायलास, लाज वाटू दे."

"काकू, हे चोराला पाट मांडंल," बजरंग घाम पुसत म्हणाला.

ह्यांची काळजी खोटी नव्हती, ते मला कळत होतं. पण आमच्या घरी आत्याबाई खिडकीच्या गजाला धरून कशा उभ्या राहतात, तेही मी पाहिलेलं होतं. रोज दिवा लावताना मी पांडुरंगाला एकच सांगायचे, त्या पिल्लाला कंठ फुटू दे.

मग सोयाबीनच्या आणि दिवाळीच्या गडबडीत आमचं जाणं झालंच नाही. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी गेलो, तेव्हा ह्यांनी कॉलेजातल्या सिद्धोधन सरांना बरोबर घेतलं. बाळ्यानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही दोघं लिंबाखाली थांबलो आणि सर एकटेच पुढं गेले. बाळ्या धावत आला. त्यानं सरांचे बूट हुंगले आणि पुढं पुढं चालत त्यांना ओट्यापर्यंत नेऊन बसवलं.

हे ओट्यावर टेकले. "माय, काई जमलं न्हाई. उद्या गाय बजरंगकडं सोडू."

आत्याबाई उठल्या. चहा ठेवायला आत गेल्या. त्यांचा हात साखरेऐवजी मिठाच्या डब्यात गेला, तो मी धरला.

चहा-फराळ झाला. सर उठून बुटांकडं गेले, तर पुढं बाळ्या उभा. मान खाली, पाठीवरचे केस ताठ. आणि असा भुंकला की गोठ्यात गाय दचकून उभी राहिली. सर परत बसले. बाळ्या शेपूट हलवायला लागला. सर उठले. बाळ्या पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा त्यानं सरळ एक बूट तोंडात धरला आणि गोठ्यात पळाला.

"हे काय नवीन?" ह्यांनी विचारलं.

"दसऱ्यापसून चालू हाय," आत्याबाई ओशाळून म्हणाल्या. "जाणाऱ्यावर भुंकतंय. परवा वायरमनला तासभर जाऊ दिलं न्हाई. पाव्हण्यावर भुंकतंय म्हणून मलाच लाज वाटायलती, सांगू काय?"

"जाताना भुंकून काय उपेग, माय? चोर तर आत येऊन बसंल."

आत्याबाईंनी जरा विचार केला. "बसू दे की. येणाऱ्यानं काय नेलं? नेणारा जाताना नेतो."

सिद्धोधन सर हसले. "गोपाळराव, मान्य करून टाका. माझा बूट अडकलाय."

हे हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "चोराचं जाऊ दे. तू पडलीस, छातीत कळ आली, तर कुणाला कळंल? मोत्या वरडला की बजरंग पळत यायचा."

"हे बी वरडंल की," आत्याबाई म्हणाल्या. "मी जायला लागले तर लयच वरडंल."

मी जाऊन बूट आणला, थोडा ओला होता.

आम्ही गाड्या काढल्या तसा बाळ्या बेंबीच्या देठापासून सुरू झाला. आत्याबाईंनी त्याला पट्ट्याला धरून ठेवलं. बजरंगच्या आखाड्यापाशी ह्यांनी गाडी बंद केली. बजरंग बाजेवर बसला होता.

"बजरंग, ऐकू येतंय का रे हितं?"

"ऐकू?" बजरंग म्हणाला. "दसऱ्यापसून दुपारचा डोळा लागला न्हाई माझा. तुमच्या मायकडं रोज एक तरी माणूस येतंय, आन् आलेलं जातंय."

सोयाबीन निघालेल्या रानावरून भुंकणं स्वच्छ येत होतं. हे थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग गाडीला किक मारली.

"गाय राहू दे तिथंच," मला म्हणाले.